विश्लेषण : महाडच्या हल्ल्यानंतर बाबासाहेबांनी खचलेल्या माणसांना कसे उभे केले?

महाड आणि पोलादपूरकरांसाठी जुलै-ऑगस्ट हे महिने आता नुसते पावसाचे राहिलेले नाहीत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही बळी गेले. दर वेळी बचाव पथक येते, पंचनामा होतो, मदतीचा धनादेश मिळतो. पण वाचलेल्यांच्या मनाचे काय, हा प्रश्न मागे उरतो. या प्रश्नाचे एक उत्तर महाडच्याच इतिहासात आहे. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यातील एका वर्षात सापडते.

बाबासाहेबांनी स्वतः काय सोसले होते?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे मूळ गाव आंबडवे. मंडणगड तालुक्यातील हे गाव महाडपासून फार लांब नाही. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच गेल्या. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळल्यावर गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्याच्या बोलीवर मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली. सोबत जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

१९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, पण तो मिळाला नाही. पुढचे काही तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दोन्ही प्रसंगी मदतीला येणारे कोणीच नव्हते. हे अनुभव त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले.

घरातही दुःख कमी नव्हते. पाचपैकी चार अपत्ये त्यांनी आणि रमाबाईंनी लहानपणीच गमावली. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी ते महाडला आले.

२० मार्च १९२७ रोजी काय घडले?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले; पण ते कागदावरच राहिले. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदींच्या पुढाकाराने १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांसह सर्वांनी पाणी प्यायले.

त्यानंतर काही वेळातच, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात पसरवण्यात आली. जमावाने मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्यांनी हल्ला केला. गावाकडे परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारले. जखमींत बायका-मुलेही होती. सुमारे वीस जणांना गंभीर दुखापत झाली. काहींनी मुस्लिम कुटुंबांच्या घरांत आसरा घेतला.

पहिल्या काही तासांत त्यांनी काय केले?

बाबासाहेब त्या वेळी सरकारी बंगल्यावर होते. अधिकाऱ्यांकडून खबर मिळताच ते मोजक्या सहकाऱ्यांसह गावात गेले. देवळात शिरण्याचा आमचा विचार नाही, हे त्यांनी जमावाला सांगितले. परतले तेव्हा बंगल्याभोवती त्यांचेच संतापलेले कार्यकर्ते जमले होते. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोकही होते. प्रतिकाराची परवानगी द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

बाबासाहेबांनी ती दिली नाही. हाणामारी झाली असती तर जखमींची संख्या वाढली असती आणि कायद्याची बाजूही हातची गेली असती. लोकांना शांत करणे, जखमींवर उपचार करून घेणे आणि पोलिसांत तक्रार नोंदवणे या कामांना त्यांनी प्राधान्य दिले. ते लगेच मुंबईला निघाले नाहीत. दोन-तीन दिवस महाडमध्येच थांबून त्यांनी चौकशीचा पाठपुरावा केला. त्या जूनमध्ये काही हल्लेखोरांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. आपल्यावरच्या हल्ल्याची दाद लागते, हे इथल्या अस्पृश्यांच्या फारसे वाट्याला न आलेले होते.

मुंबईला परतल्यावर विषय संपला का?

नाही. उलट खरे काम तिथून सुरू झाले. महाडमध्ये १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करण्यात आले. माराच्या जखमा भरतात, पण आपण पाणी प्यायल्याने तळे बाटले असे जाहीर होणे, हा घाव वेगळाच होता. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत भारत हे पाक्षिक सुरू केले. महाडला काय झाले, दोष कोणाचा आणि पुढे काय करायचे, हे मार खाल्लेल्यांच्या बाजूने मांडणारे पत्र त्यामुळे हाती आले.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळे खुले करणारा आपलाच ठराव मागे घेतला. त्यावर बाबासाहेबांनी पुन्हा महाडलाच सत्याग्रह परिषद जाहीर केली.

डिसेंबरमध्ये पुन्हा महाडलाच का?

जिथे भीती बसली, तिथेच ती सोडवावी लागते, असे या निर्णयातून दिसते. २५ डिसेंबरला बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले. तिथे थांबलेले सत्याग्रही शिस्तीत महाडकडे निघाले. परिषदेसाठी जागा मिळू नये असे प्रयत्न झाले, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

मात्र विरोधकांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी चर्चेअंती सत्याग्रह तहकूब केला. मात्र लोकांना तसेच घरी पाठवले नाही. मोठी मिरवणूक तळ्याला फेरी घालून शांततेत परतली. नऊ महिन्यांपूर्वी जिथे पळापळ झाली होती, तिथून लोक या वेळी मान ताठ ठेवून चालले. स्त्रियांशी ते स्वतंत्रपणे बोलले. राहणीमान, पेहराव आणि मुलामुलींचे शिक्षण बदलणे आपल्याच हातात आहे, यावर त्यांचा भर होता.

हा खटला पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले; पण २० मार्च आणि २५ डिसेंबरला आजही लोक महाडला येतात.

आजचे शास्त्र काय सांगते?

बाबासाहेबांनी महाडमध्ये समुपदेशन केले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो राजकीय आणि सामाजिक लढा होता. पण त्यांनी उचललेली पावले आजच्या मानसिक प्रथमोपचाराशी बरीच जुळतात. मोठ्या आघातानंतर माणसाला सावरण्यासाठी पाच गोष्टी लागतात, यावर २००७ मध्ये विविध देशांतील तज्ज्ञांनी सहमती नोंदवली : सुरक्षितता, मनाला शांतता, आपण काही करू शकतो ही जाणीव, आपल्या माणसांशी जोड आणि आशा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका आधी पाहा, मग ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या, अशी पद्धत सांगते. घडलेला प्रसंग लगेच सविस्तर सांगायला लावू नये, असेही त्यात बजावले आहे. दुर्घटनेनंतर तासाभरात वाचलेल्यांसमोर माईक धरणाऱ्या आम्हा माध्यमांनाही ते लागू आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच आपत्तीनंतरच्या मानसिक-सामाजिक मदतीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत.

तळिये आणि साखरसाठी याचा अर्थ काय?

दरड आणि माणसांनी केलेला हल्ला यांत फरक आहे. हल्ल्याला आरोपी असतो, दरडीला नसतो. तरी मागे राहणारी भीती, अपराधीपणा आणि एकटेपणा यांत साम्य असते. पाऊस वाढला की झोप उडणे, आपणच का वाचलो हा विचार छळणे, ही वेडेपणाची लक्षणे नव्हेत. बहुतेकांना घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आधाराने बरे वाटू लागते. त्रास महिनाभर टिकला, कामात लक्ष लागेना किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र उपचार हवेत. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

शासन आणि संस्थांसाठी १९२७ चा धडा वेगळा आहे. तळियेतील कुटुंबांनी कंटेनरच्या घरांत पावसाळे काढले. पक्के घर, वेळेवर मिळालेला दाखला, धोकादायक डोंगराची नीट दिलेली माहिती, पुनर्वसनाच्या निर्णयात गावाचा आवाज, हीसुद्धा मनाची मलमपट्टी आहे. बाबासाहेब मार्चमध्ये येऊन गेले असते आणि परतलेच नसते, तर महाडच्या लोकांकडे फक्त माराची आठवण उरली असती. ते डिसेंबरमध्ये परत आले. आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात येणारे पुष्कळ असतात. नऊ महिन्यांनी पुन्हा कोण येतो, यावर गावाचे सावरणे ठरते.