मजुरांचे पाय वाचवणारा डॉक्टर! कोण होते सर रॉबर्ट जोन्स?

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या पायाला एक साधी लोखंडी चौकट बांधलेली अनेकांनी पाहिली असेल. जांघेशी गादी लावलेले कडे, दोन्ही बाजूंना सळया आणि तळाशी ताणून बांधलेले पाऊल. तिचे नाव थॉमस स्प्लिंट. अपघातातल्या रुग्णांसाठी ती सर्वदूर नेण्याचे मोठे श्रेय जाते सर रॉबर्ट जोन्स यांना. त्यांची खरी परीक्षा झाली ती एका कालव्याच्या खोदकामावर.

हाडवैद्यांच्या घरात शिक्षण

जोन्स यांचा जन्म २८ जून १८५७ रोजी वेल्समधील ऱ्हिल येथे झाला. सोळाव्या वर्षी ते लिव्हरपूलला नात्यातले डॉ. ह्यू ओवेन थॉमस यांच्या घरी राहायला गेले. थॉमस यांचे घराणे पिढीजात हाडवैद्यांचे. पदवी घेऊन रीतसर डॉक्टर झालेले थॉमस गोदीतले हमाल, खलाशी आणि कारखान्यातले कामगार यांच्यावर उपचार करत. रविवारी गरिबांना पैसे पडत नसत. स्प्लिंट बनवायला घरच्याच कार्यशाळेत लोहार होता. मोडलेला पाय कापण्याची घाई करू नका, हाड जागेवर बसवा आणि पुरेसा काळ हलू देऊ नका, हा त्यांचा आग्रह. तेव्हाच्या बऱ्याच डॉक्टरांना तो पटत नव्हता. जोन्स १८७८ मध्ये डॉक्टर झाले आणि त्यांच्याच हाताखाली काम करू लागले.

कालव्यावर नेमके काय केले?

मँचेस्टरपर्यंत समुद्री जहाजे आणण्यासाठी १८८७ मध्ये ३६ मैलांचा, म्हणजे सुमारे ५८ किलोमीटरचा कालवा खोदायला सुरुवात झाली. हजारो मजूर, वाफेवर चालणारी खोदयंत्रे, मातीच्या वाघिणी ओढणारी इंजिने. दरड कोसळणे, वाघिणीखाली पाय सापडणे हे धोके रोजचेच. दुखापत झालेल्या मजुराला मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय भरपाई मिळणे कठीण होते. त्याची सक्ती करणारा ब्रिटिश कायदा १८९७ मध्ये आला (भारतात असा कायदा व्हायला १९२३ उजाडले). पाय गेला की मजुरी गेली, आणि मजुरी गेली की घर उघड्यावर.

१८८८ मध्ये या कामाचे मुख्य शल्यचिकित्सक म्हणून जोन्स यांची नेमणूक झाली. वय अवघे ३१. उघड्या जखमेसह हाड मोडले असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. रक्त जात राहते, जंतुसंसर्ग पसरतो. त्यात जखमीला आधार न देता उचलले, तर मोडलेल्या हाडाची टोके आतले स्नायू आणि रक्तवाहिन्या फाडतात. म्हणजे प्रश्न फक्त शस्त्रक्रियेच्या कौशल्याचा नव्हता, जखमीला न्यायचे कसे आणि किती लवकर, याचाही होता. इंजिनीअर ज्याला यंत्रणा म्हणतात, ती जोन्स यांनी उभी केली.

अख्ख्या कालव्याचे तीन भाग पाडले. प्रत्येक भागाला एक रुग्णालय आणि मध्ये ठिकठिकाणी प्रथमोपचाराची ठाणी. माती वाहण्यासाठी टाकलेल्या रुळांवरूनच जखमी रुग्णालयात पोहोचू लागले. तिथल्या कर्मचाऱ्यांना मोडलेली हाडे हाताळण्याचे खास प्रशिक्षण होते. जगातली पहिली सर्वांगीण अपघात सेवा म्हणून तिचा उल्लेख होतो. पाच वर्षांत जोन्स यांनी स्वतः सुमारे ३ हजार रुग्ण हाताळले, ३०० शस्त्रक्रिया केल्या. एक्स-रेचा शोध तेव्हा लागायचा होता. हाड कुठे आणि कसे मोडले, हे बोटांनी चाचपून ठरवावे लागे. एक्स-रे आल्यावर मात्र त्यांनी वेळ दवडला नाही. फेब्रुवारी १८९६ मध्ये, शोध जाहीर होऊन जेमतेम महिना उलटला असताना, एका मुलाच्या मनगटात रुतलेली गोळी त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या मदतीने शोधली.

युद्धात तीच पद्धत

पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड गोळीने फुटलेले सैनिक मोठ्या संख्येने दगावत होते. दहापैकी आठ, हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. तो फुगवलेला असल्याचे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. थॉमस स्प्लिंट आघाडीजवळच बांधण्याची पद्धत रूढ झाली आणि मृत्यू बरेच घटले. त्यात इतर सुधारणांचाही वाटा होता, पण जखमीला हलवण्याआधी पाय स्थिर करा, हे सूत्र कालव्यावरचेच.

त्याहून दूरवरचे काम घडले ते लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील लष्करी रुग्णालयात. हाड जुळले म्हणजे माणूस बरा झाला, असे जोन्स मानत नसत. आखडलेला सांधा सुटायला हवा, स्नायूंत ताकद यायला हवी, हाताला काम मिळायला हवे. म्हणून रुग्णालयातच कार्यशाळा सुरू झाल्या. ज्या हालचालीची गरज, ती घडवणारे काम रुग्णाला दिले जाई. सुतारकामात रंधा मारताना खांदाही हलतो आणि हुन्नरही हाती येतो. पोर्तुगालचे पदच्युत राजे दुसरे मॅन्युएल यांनी या कार्यशाळांसाठी बरीच खटपट केली. आजच्या फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी विभागांत याच विचाराचे काम चालते.

१९१७ मध्ये जोन्स यांना सर ही पदवी मिळाली. इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्रीच्या अस्थिरोग रुग्णालयाला आज त्यांचे आणि परिचारिका ॲग्नेस हंट यांचे नाव आहे. हंट स्वतः लहानपणापासून कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने अपंग होत्या आणि उपचारासाठी जोन्स यांच्याकडे आल्या होत्या. पुढे जोन्स त्यांनी सुरू केलेल्या बालरुग्णालयात नियमित येऊन शस्त्रक्रिया करू लागले. १४ जानेवारी १९३३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी जोन्स यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमध्ये आहेत.