मॅथ्यू हॉपकिन्स
मॅथ्यू हॉपकिन्स (जन्म: अंदाजे १६२०, मृत्यू: ऑगस्ट १६४७, इसेक्स) हा इंग्लंडमधील चेटकीण-शोधक होता. तो स्वतःस ‘विचफाइंडर जनरल’ म्हणवीत असे. मात्र संसदेने असे कोणतेही पद त्यास दिलेले नव्हते.

प्रारंभिक जीवन
हॉपकिन्सचे वडील जेम्स हे सफक परगण्यातील ग्रेट वेनम येथे प्युरिटन पंथाचे धर्मोपदेशक होते. मॅथ्यू पुढे इसेक्समधील मॅनिंगट्री येथे स्थायिक झाला.

कारकीर्द
१६४५ च्या मार्च महिन्यात मॅनिंगट्रीतील एलिझाबेथ क्लार्क या एका पायाने अपंग असलेल्या वृद्धेवर चेटूक केल्याचा आरोप झाला. अनेक रात्री जागे ठेवल्यावर तिने कबुली दिली आणि इतर स्त्रियांची नावे घेतली. त्या नावांमधून आणखी खटले उभे राहिले. जॉन स्टर्न या सहकाऱ्यासह हॉपकिन्स पूर्व इंग्लंडमध्ये गावोगाव फिरू लागला. या कामाचा मोबदला गावे देत असत. राजा व संसद यांच्यातील यादवी युद्धामुळे न्यायव्यवस्था विस्कळीत झाली होती व त्याचा त्यास लाभ मिळाला. ऑगस्ट १६४५ मध्ये बरी सेंट एडमंड्स येथे एकाच दिवशी १८ जणांना फाशी देण्यात आली. त्यांत जॉन लोव्ज हे सुमारे ८० वर्षांचे धर्मोपदेशकही होते. हॉपकिन्सच्या मोहिमेत एकूण सुमारे १०० जणांना मृत्युदंड झाला असावा, असा अंदाज आहे.

पद्धती
इंग्लंडच्या कायद्यानुसार कबुलीसाठी शारीरिक छळ करण्यास मनाई होती. त्यामुळे संशयितास झोपू न देणे, सतत चालवणे, अंगावरील तीळ वा चामखीळ सुईने टोचून पाहणे आणि बांधून पाण्यात सोडणे हे मार्ग वापरले जात. पाण्यावर तरंगणारी व्यक्ती दोषी मानली जाई. कायद्याने चेटकाची शिक्षा फाशी होती, जाळणे नव्हे.

विरोध व मृत्यू
हंटिंग्डनशायरमधील धर्मोपदेशक जॉन गॉल यांनी १६४६ मध्ये या पद्धतींवर ग्रंथाद्वारे टीका केली. हॉपकिन्सने १६४७ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ विचेस’ ही पुस्तिका लिहून आक्षेपांना उत्तर दिले. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. १२ ऑगस्ट रोजी मिस्टली येथे त्याचे दफन झाले. त्याचा मृत्यू क्षयरोगाने झाला असे मानले जाते. त्याचीच पाण्यात परीक्षा घेऊन त्यास ठार केल्याची आख्यायिका प्रचलित असली तरी तिला आधार नाही.

प्रभाव
ग्रेट ब्रिटनमध्ये चेटकाविरुद्धचे खटले १७३५ च्या कायद्याने बंद झाले. हॉपकिन्सच्या जीवनावर आधारित ‘विचफाइंडर जनरल’ हा चित्रपट १९६८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात व्हिन्सेंट प्राइस याने त्याची भूमिका केली होती.