कर्मवीर भाऊराव पाटील : शिक्षक आणि रयत

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात जुना आहे. यंदा आम्ही कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र निवडले आहे. परंतु ते आपल्या जैन कुळात जन्मास आले एवढ्याच कारणास्तव नव्हे. किंबहुना त्या कारणाने त्यांचे चरित्र येथे छापताना मनास थोडा संकोचच वाटतो. ज्याने उभ्या आयुष्यात ज्ञातीचे एकही कुंपण मानले नाही, त्यास ज्ञातीचे भूषण म्हणून मिरविण्याचा आपला अधिकार कितपत आहे, याचा विचार ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी हे चरित्र वाचून स्वतःच करावा, अशी आमची विनंती आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुक येथील. वडील पायगोंडा हे सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते व त्यांच्या बदल्यांबरोबर भाऊरावांचे बाळपण निरनिराळ्या गावी गेले. मुलगा अंगाने धिप्पाड, कुस्तीचा शोकी आणि अन्याय दिसताच उसळणारा होता. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यास कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घालण्यात आले व राहण्याची सोय जैन वसतिगृहात झाली.

येथेच त्यांच्या आयुष्यास वळण देणारा प्रसंग घडला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असा आपल्या वसतिगृहाचा आग्रह पडला. माणसाच्या संगतीने माणूस विटाळतो हे भाऊरावांस मान्य नव्हते. त्यांनी स्नान नाकारले व वसतिगृह सोडावे लागले ते सोडले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस आश्रय दिला. शालेय परीक्षांत मात्र भाऊरावांस यश आले नाही. मॅट्रिकची पायरी ते कधीच चढले नाहीत. तथापि समाजाचे एक वसतिगृह सुटले, त्या जागी सर्व समाजांची वसतिगृहे उभी करण्याचा संकल्प त्यांच्या मनात रुजला, असे त्यांच्या पुढील कार्यावरून म्हणावेसे वाटते.

चरितार्थासाठी त्यांनी साताऱ्यास शिकवण्या धरल्या व लोक त्यांस पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास काही स्नेह्यांच्या साहाय्याने दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम निघाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. आपल्या समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास व हालअपेष्टा पत्करल्या, परंतु खोटे बोलले नाहीत.

पुढे ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने भाऊराव खेडोपाडी हिंडले. नांगर विकावयास गेलेल्या या माणसास एक गोष्ट स्पष्ट दिसली. शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर आला तरी त्याच्या मुलाच्या हाती पाटी नसेल, तर सावकाराच्या वहीतील आकडा त्यास कधीच वाचता येणार नाही. खेड्यात शाळा नाही, असल्यास शिक्षक टिकत नाही आणि टिकला तरी गावाशी त्याचा काही संबंध राहत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक विचारांच्या मंडळींच्या सभेत, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेस रयतेचे नाव देण्यातच तिचे धोरण सांगितलेले होते. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, स्वतः स्वयंपाक करीत व शेतात कष्ट करीत. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता या वसतिगृहास त्यांच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाची खरी माता म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सुखवस्तू जैन घरात वाढलेल्या व सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या या माउलीने प्रारंभी मनाशी किती झगडा केला असेल, याची कल्पना आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांस सहज येईल. तरीही त्यांनी सर्व जातींच्या मुलांस आपली मुले मानले. मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले गेले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या पायात पहिला दगड कोणाचा, असे कोणी विचारल्यास आम्ही लक्ष्मीबाईंचे नाव घेऊ.

दागिने एकदाच मोडता येतात. संस्था मात्र रोज चालावी लागते. त्यासाठी भाऊरावांनी जी युक्ती योजली ती साधी, परंतु फार खोल होती. दळण-कांडण करताना प्रत्येक गृहिणीने मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूस काढावे, असे त्यांनी घरोघर जाऊन विनविले. मूठभर धान्याने कोणाच्या घरी उणे पडत नाही. पण ज्या घरातून ती मूठ निघते, त्या घरास शाळा आपली वाटू लागते. श्रीमंताच्या एका देणगीने इमारत झाली असती. हजार चुलींपाशी निघालेल्या मुठींनी मात्र शाळेस हजार राखणदार मिळाले. कोणी जमीन दिली, कोणी दगड-लाकूड दिले, ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. लोकसहभाग या शब्दाचा आज फार उच्चार होतो. त्याचा अर्थ ज्यांस पाहावयाचा आहे त्यांनी ही मूठ पाहावी.

तथापि केवळ लोकांच्या उत्साहावर शिक्षण उभे राहत नाही, हेही भाऊरावांनी ओळखले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, वेळप्रसंगी नांगर धरण्यास त्यांस संकोच वाटू नये व त्यांस पुरेसा पगार मिळावा, अशी मागणी केली होती. सरकारने ती मनावर घेतली नाही. पन्नासाहून अधिक वर्षांनी, १९३५ साली, भाऊरावांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. त्यास पुढे महात्मा फुल्यांचेच नाव मिळाले, हे सर्वथा उचित झाले. स्त्री शिक्षिकांसाठीही कालांतराने जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले.

येथे भाऊरावांच्या विचाराचे मर्म आहे. शिक्षकाचा पेशा हा दुसरी नोकरी न मिळाल्यामुळे पत्करावयाचा उद्योग नव्हे. ती शिकून, तालमीत तयार होऊन, व्रत म्हणून घ्यावयाची विद्या आहे, असे ते मानीत. त्यांच्या विद्यालयातून खेड्यातील तरुण शिक्षक होऊन खेड्यातच परतू लागले. १९३८ पासून संस्थेने डोंगरकपारींतील गावांत व्हॉलंटरी शाळा काढण्यास आरंभ केला. जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती, तेथे देवळात, चावडीत वा धर्मशाळेत पाटी-पेन्सिल पोहोचली. अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. शिक्षक आधी घडविले आणि मग शाळा काढल्या, म्हणून हे साधले. हा क्रम उलटा केला असता तर शाळांच्या पाट्या लागल्या असत्या आणि वर्ग ओस पडले असते.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुलांनी कष्ट करावेत, आपला खर्च आपण भागवावा व विनामूल्य शिकावे, अशी योजना होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले व तेथेही कमवा आणि शिका हीच रीत चालू राहिली. याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले व संस्थेच्या सेवेत राहिले. बाहेर मिळणारे द्रव्य सोडून अल्प वेतनावर आयुष्य वेचणाऱ्या अशा आजीव सेवकांची एक पिढीच भाऊरावांनी तयार केली. १९५५ साली माध्यमिक शिक्षकांच्या शिक्षणासाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले, तेव्हा शिक्षक घडविण्याच्या कार्याचा वरचा मजला पुरा झाला.

संकटेही आली. १९४८ साली भाऊरावांच्या स्पष्ट बोलण्याने सरकारची गैरमर्जी झाली व संस्थेचे अनुदान बंद पडले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे शिक्षण टांगणीस लागले. अशा वेळी मुठीचे मोल कळून आले. रयत धावून आली, संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांजपाशी रदबदली केली व अनुदान पुन्हा सुरू झाले. जी संस्था केवळ सरकारच्या ओंजळीने पाणी पीत असती, ती या तडाख्यात टिकली नसती. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, भाऊरावांनी सरकारास त्याच्या कर्तव्यातून कधी मोकळे केले नाही. लोकांनी आपला वाटा उचलावा व सरकारने आपला, असाच त्यांचा आग्रह होता.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या मनुष्यास, डी. लिट. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण दिले. आणि त्याच वर्षी, ९ मे रोजी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये व ३ महाविद्यालये चालू होती. २०१९ साली संस्थेने शंभर वर्षे पुरी केली. अनवाणी पायांनी, दाढी वाढवून, खादीच्या साध्या वेषात हिंडणाऱ्या त्या पुरुषाने स्वतःसाठी मात्र काही ठेवले नाही.

आता आमचा आरंभीचा प्रश्न. भाऊराव आपले आहेत काय? अपरिग्रह व अहिंसा ही जैन धर्माची व्रते आपण पर्युषणात उच्चारतो. स्वतःपाशी काही न ठेवणे हा अपरिग्रह आणि कोणाही मुलास हीन न लेखणे ही अहिंसा, असे मानल्यास भाऊरावांइतका जैन आपल्यात क्वचितच झाला असेल. परंतु केवळ जन्माचा हिशेब धरल्यास, आपल्या वसतिगृहाचे दार त्यांच्यामागे एकदा लागले होते, हेही आपण विसरू नये.

आज आपल्या समाजापाशी द्रव्य आहे, इमारती आहेत व देणगीदारांच्या नावांचे शिलालेखही आहेत. तथापि आपल्या आसपासच्या शाळांतून अनेक तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर राबतात. पुढील वर्षी आपण असू की नाही, हे त्यांस ठाऊक नसते. अध्यापनाखेरीजची कामे करता करता अनेकांचा दिवस संपतो. खेड्यातील कमी पटाच्या शाळांवर बंद होण्याची टांगती तलवार आहे. आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, समाजाच्या निधीतून केवळ आपल्या मुलांस बक्षिसे देऊन आपण थांबू नये. एखाद्या होतकरू शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा भार उचलावा, आपल्या गावच्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत जाऊन बसावे, आणि आपल्या वसतिगृहाचे दार ज्ञाती न विचारता उघडावे.

एवढे घडल्यास भाऊराव आपले होते, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस थोडाफार येईल. मूठ प्रत्येक घरात आहे. ती उघडावयाची एवढेच उरले आहे.