आइन्स्टाइन यांचा फ्रिज

अल्बर्ट आइन्स्टाइन म्हटले की सापेक्षतावाद आणि फळ्यावरची अवघड समीकरणे आठवतात. फ्रिज, श्रवणयंत्र आणि कॅमेरा यांची पेटंटेही त्यांच्या नावावर आहेत, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. यातली एकही वस्तू घराघरांत पोहोचली नाही. तरीही, विशेषतः फ्रिजची कहाणी, आपल्या स्वयंपाकघराच्या सुरक्षिततेशी जोडलेली आहे.

आइन्स्टाइन यांचा जन्म 14 मार्च 1879 रोजी जर्मनीतील उल्म येथे झाला. वडील हर्मान आणि काका याकोब यांचा म्युनिकमध्ये विजेची उपकरणे बनवण्याचा कारखाना होता. डायनामो, विजेचे दिवे, मीटर अशा वस्तूंच्या सहवासात अल्बर्ट वाढला. काकांच्या नावावर काही पेटंटेही होती. 1894 मध्ये कारखाना बुडाला आणि कुटुंब इटलीला गेले. शिक्षण संपल्यावर अल्बर्टला प्राध्यापकी मिळाली नाही. 1902 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथील पेटंट कार्यालयात त्यांना तृतीय श्रेणीच्या तांत्रिक तज्ज्ञाची नोकरी मिळाली. आलेल्या अर्जातील यंत्र खरेच चालेल का, त्यात नवे काय आहे, हे तपासण्याचे काम त्यांनी सात वर्षे केले. 1905 मधील त्यांचे गाजलेले शोधनिबंध याच नोकरीत असताना लिहिले गेले.

पुढे ते बर्लिनला आले, 1921 चे नोबेल मिळाले, जगभर नाव झाले. 1926 च्या सुमारास त्यांच्या वाचनात एक बातमी आली. फ्रिजमधून गळालेल्या विषारी वायूने बर्लिनमधील एक कुटुंब, मुलांसकट, झोपेतच दगावले होते. त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत. हा वायू दाबून द्रव करायचा आणि पुन्हा त्याची वाफ होऊ द्यायची. वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. वायू दाबण्याचे काम मोटरवर चालणारा कॉम्प्रेसर करी. फिरणारा दांडा जिथून आत जाई, तिथली सील झिजली की वायू बाहेर पडे. खिडक्या बंद असलेल्या घरात रात्री हे घडले तर घरच्यांना जाग येण्याचीही संधी नसे.

आइन्स्टाइन यांच्या ओळखीचा लिओ झिलार्ड नावाचा तरुण हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा बर्लिनमध्येच होता. दोघांनी ठरवले, की वायू गळतो तो हलत्या भागांमुळे, तर हलते भागच नसलेला फ्रिज करायचा. पेटंटचे अर्ज कसे लिहायचे हे आइन्स्टाइन यांना नोकरीमुळे पक्के माहीत होते. पुढच्या सात वर्षांत दोघांनी मिळून वेगवेगळ्या देशांत 45 हून अधिक अर्ज केले. त्यांपैकी अमेरिकेतील पेटंट 11 नोव्हेंबर 1930 रोजी मंजूर झाले. या फ्रिजला मोटर नव्हती. ब्युटेन, अमोनिया आणि पाणी यांच्या साहाय्याने, केवळ उष्णता देऊन तो चालणार होता. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने त्यांची काही पेटंटे विकत घेतली, पण फ्रिज बाजारात आणला नाही.

दुसरी कल्पना अधिक धाडसी होती. पूर्ण बंद पोलादी नळीत सोडियम आणि पोटॅशियम यांचा द्रवरूप मिश्रधातू ठेवायचा आणि बाहेरच्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज सोडून चुंबकीय बलाने तो सरकवायचा. हा सरकणारा धातूच दट्ट्यासारखा वायू दाबणार. सील नाही, त्यामुळे गळतीला वाटच नाही. जर्मनीच्या एईजी कंपनीत 1931 मध्ये असा फ्रिज चालूही झाला. मात्र त्याचा आवाज फार होता आणि तो विजेचा वापरही जास्त करी. त्यात जागतिक मंदी आली आणि कंपनीने काम थांबवले.

त्याआधीच, 1930 मध्ये, अमेरिकेत फ्रिऑन आला होता. तो विषारी नव्हता आणि पेटही घेत नव्हता, त्यामुळे धोकादायक वायूंचा प्रश्न सुटल्यासारखे वाटले. फ्रिऑनच्या कुळातील रसायने वातावरणातील ओझोनच्या थराला मारक ठरतात, हे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले. मग 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने त्यांच्यावर बंधने आणली.

आइन्स्टाइन यांची इतर पेटंटेही माणसांच्या गरजांतून आली. ओळखीच्या एका गायिकेला ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा त्यांनी रुडॉल्फ गोल्डश्मिट या अभियंत्यासह ध्वनी पोहोचवणारे विद्युतचुंबकीय साधन सुचवले. त्याचे जर्मन पेटंट 1934 मध्ये मिळाले. नाझी राजवटीमुळे आइन्स्टाइन यांनी तोवर देश कायमचा सोडला होता. अमेरिकेत त्यांचे स्नेही होते डॉ. गुस्टाव बकी. एक्स-रेची प्रतिमा स्पष्ट यावी म्हणून वापरली जाणारी जाळी हा याच डॉक्टरांचा शोध. दोघांनी 1936 मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. त्यात प्रकाशविद्युत घट समोरचा उजेड किती आहे हे मोजे आणि त्यानुसार भिंगापुढचा कमी-अधिक पारदर्शक पडदा फिरवी. प्रकाशविद्युत परिणामाचे स्पष्टीकरण हेच आइन्स्टाइन यांच्या नोबेलमागचे प्रमुख काम होते.

18 एप्रिल 1955 रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. द्रवधातूच्या पंपाचे तत्त्व पुढे अणुभट्ट्यांमध्ये उपयोगी पडले. घरातील फ्रिजचा कॉम्प्रेसर आता मोटरसह बंद डब्यात असतो, त्यामुळे दांड्याची सील झिजण्याचा प्रश्नच उरला नाही. अनेक नव्या फ्रिजमध्ये थोडासा आयसोब्युटेन असतो. तो विषारी नाही, पण ज्वलनशील आहे. म्हणून फ्रीजरमधला बर्फ चाकूने खरवडू नये आणि नळीला भोक पडल्याची शंका आली, तर खिडक्या उघडाव्यात, जवळपास काडी ओढू नये आणि जाणकार मेकॅनिकलाच बोलवावे.