आघाडीवर धावणारा खलाशी

ऑगस्ट १९५३. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे युवक आणि विद्यार्थ्यांचा चौथा जागतिक महोत्सव भरला होता. त्यानिमित्त झालेल्या मैदानी स्पर्धांत सर्वांचे लक्ष ५,००० मीटर शर्यतीकडे लागले होते, कारण त्या शर्यतीत चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक धावणार होता. आदल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या या धावपटूला आव्हान देईल असा कोणी दिसत नव्हता. मात्र शर्यत सुरू होताच भरदार बांध्याचा, सोनेरी केसांचा एक सोव्हिएत खलाशी सुसाट पुढे निघाला. फेऱ्यांमागून फेऱ्या तोच आघाडीवर होता. अखेरच्या टप्प्यात झाटोपेकने त्याला गाठले आणि शर्यत जिंकली. अंतर जेमतेम एका सेकंदाचे राहिले. पराभूत झालेल्या त्या खलाशाचे नाव होते व्लादिमीर कुट्स.

युक्रेनमधील सुमी प्रांतातल्या अलेक्सिनो या खेड्यात ७ फेब्रुवारी १९२७ रोजी त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात हे खेडे जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले आणि कुट्सचे बालपण तिथेच संपले. १९४३ मध्ये, मिसरूडही न फुटलेल्या वयात, तो लाल सैन्यात दाखल झाला. युद्धानंतर तो बाल्टिक आरमारात गेला. तेथे त्याने मुष्टियुद्ध केले, बर्फावरील स्कीइंग केले आणि नौदलाच्या स्पर्धांत धावलाही. आपले खरे बळ धावण्यात आहे, हे त्याला बऱ्याच उशिरा, विशीच्या मध्यावर उमगले.

बुखारेस्टच्या पराभवाने त्याच्यातील उणीव उघडी पाडली. अखेरच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये वेग वाढवण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती. प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत सोबत राहिला की पराभव ठरलेलाच. मग त्याला सोबत राहूच द्यायचे नाही, हा एकच मार्ग उरत होता. प्रशिक्षक ग्रिगोरी निकिफोरोव्ह यांच्या हाताखाली त्याने तसाच कठोर सराव केला. शर्यतीच्या ऐन मध्यावर एकाएकी वेग वाढवायचा, क्षणभर मंदावायचे आणि पाठलाग करणाऱ्याला उसंत मिळण्याआधी पुन्हा झेप घ्यायची, ही त्याची रीत बनली. प्रतिस्पर्ध्याइतकीच ती स्वतःलाही पिळून काढणारी होती.

तिचे फळ एका वर्षात मिळाले. ऑगस्ट १९५४ मध्ये बर्न येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत कुट्सने ५,००० मीटरचे अंतर १३ मिनिटे ५६.६ सेकंदांत कापून झाटोपेकचा जागतिक विक्रम मोडला. ब्रिटनचा ख्रिस चॅटवे दुसरा आला, तर खुद्द झाटोपेक तिसरा. मात्र १३ ऑक्टोबरला लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर, प्रकाशझोतात झालेल्या शर्यतीत चॅटवेने अखेरपर्यंत त्याची पाठ सोडली नाही आणि अंतिम रेषेपाशी सेकंदाच्या एक दशांशाने त्याला मागे टाकले. विक्रमही चॅटवेच्या नावावर गेला. अवघ्या दहा दिवसांनी प्राग येथे कुट्सने तो १३ मिनिटे ५१.२ सेकंद अशी वेळ देऊन परत मिळवला. पुढील दोन वर्षांत हंगेरीचा शांडोर इहारोश आणि ब्रिटनचा गॉर्डन पिरी यांच्याशी त्याची विक्रमांची चढाओढ रंगली. जून १९५६ मध्ये बर्गेन येथे पिरीने त्याला समोरासमोर हरवून नवा विक्रम केला.

त्यामुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील १०,००० मीटर शर्यत ही कुट्स आणि पिरी यांची झुंज ठरणार, हे उघड होते. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला होता आणि इहारोश तर मेलबर्नला उतरलाच नाही. अशा झाकोळलेल्या वातावरणात २३ नोव्हेंबरला शर्यत झाली. कुट्स आरंभापासून आघाडीवर, पिरी सावलीसारखा मागे. कुट्सने पुनःपुन्हा वेग वाढवला, पिरी प्रत्येक वेळी त्याला चिकटून राहिला. अखेर कुट्सने बाजूच्या पट्ट्यात सरून पिरीला पुढे जायला भाग पाडले. थोडा वेळ त्याची अवस्था न्याहाळली आणि मग अखेरचा घाव घातला. पिरी कोलमडला आणि आठव्या क्रमांकावर घसरला. २८ मिनिटे ४५.६ सेकंदांत कुट्सने सुवर्णपदक जिंकले. हंगेरीचा योझेफ कोवाच दुसरा आला. मैदानी शर्यतींत ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा कुट्स हा पहिला सोव्हिएत पुरुष. पाच दिवसांनी त्याने ५,००० मीटरचे सुवर्णही ११ सेकंदांच्या फरकाने खिशात घातले. या वेळी पिरीला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

१३ ऑक्टोबर १९५७ रोजी रोम येथे त्याने ५,००० मीटरचा विक्रम १३ मिनिटे ३५ सेकंदांवर नेला. मात्र शरीराने आता पुरती किंमत मागितली होती. पाय आणि पोटाच्या दुखण्यांनी तो हैराण झाला आणि १९५९ मध्ये त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. योगायोग असा की, शीतयुद्धामुळे दहा वर्षे पूर्व आणि पश्चिम अशा दोन छावण्यांत विभागलेले विद्यार्थी क्रीडाविश्व त्याच वर्षी ट्यूरिन येथील पहिल्या युनिव्हर्सिएडमध्ये एकत्र आले. ज्या जगात कुट्सने झाटोपेकशी पहिली झुंज घेतली, त्याच्या भिंती कलू लागल्या तेव्हा तो धावपट्टीबाहेर उभा होता.

पुढे त्याने लेनिनग्राडच्या शारीरिक शिक्षण संस्थेतून पदवी घेतली आणि मॉस्कोतील लष्करी क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केले. परंतु निवृत्तीनंतरचे आयुष्य त्याला मानवले नाही. वजन वाढले, संसार मोडले, मद्याची साथ जडली. १६ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, मद्यासोबत झोपेच्या गोळ्या घेतल्यानंतर त्याचा मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्मघात, याविषयी आजही मतभेद आहेत.

रोमचा त्याचा विक्रम सात वर्षांहून अधिक काळ टिकला. जानेवारी १९६५ मध्ये तो मोडला ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने. मेलबर्न ऑलिंपिकच्या उद्घाटनाला मशाल घेऊन धावलेला आणि क्रीडाज्योत पेटवणारा तरुण हाच. आणि कुट्सप्रमाणेच त्यालाही कोणाच्या मागे धावणे ठाऊक नव्हते.