भाऊसाहेब आणि त्यांचा पक्ष

निवडणूक दृष्टिपथात आली की राजकीय पक्षांची आसने डळमळू लागतात, कालचे अध्यक्ष आज बंडखोर ठरतात आणि आजचे बंडखोर उद्या अध्यक्ष होतात, याची गोमंतकीय मतदाराला आता इतकी सवय झाली आहे की त्याला त्यात नवल वाटत नाही. अशा वेळी दयानंद बांदोडकर यांचे नाव हमखास घेतले जाते. त्यांच्या तसबिरीला हार घालण्यात कोणताच पक्ष मागे राहत नाही. परंतु नेतृत्व आणि निवडणूक यांचा जो संबंध भाऊसाहेबांच्या जीवनात दिसतो, तो हार घालणारांना सोयीचा नसल्यामुळेच की काय, क्वचितच सांगितला जातो. तो आम्ही येथे सांगणार आहोत.

भाऊसाहेबांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडण्यात झाला. पोर्तुगीज अमदानीत बहुजन समाजातील मुलाला जी दारे बंद असत, ती त्यांनाही बंदच होती. खाणधंद्यात त्यांनी स्वकष्टाने संपत्ती मिळवली आणि ती सढळ हाताने वाटलीही. देवालये, शाळा, अडलेनडलेले विद्यार्थी यांपैकी कोणीही त्यांच्या दारातून विन्मुख गेला नाही, अशी त्यांची ख्याती राजकारणात येण्यापूर्वीच झाली होती. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. ज्या वयात व्यापारी मनुष्य हिशेबाच्या वह्या मुलांच्या हाती देऊ लागतो, त्या वयात त्यांनी सार्वजनिक जीवनात पाऊल टाकले.

मुक्तीनंतरची पहिली विधानसभा निवडणूक 9 डिसेंबर 1963 रोजी झाली. काँग्रेसला आपला विजय गृहीत वाटत होता. देशभर तिचे राज्य होते, मुक्तीचे श्रेय तिच्या सरकारकडे होते, आणि भाटकार व प्रतिष्ठित घराण्यांतील माणसे तिच्याभोवती गोळा झाली होती. त्याच वर्षी जन्मलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सिंह ही निशाणी घेऊन गावोगाव कुळांच्या अंगणात सभा भरवल्या. निकाल लागला तेव्हा 30 जागांच्या सभागृहात मगो पक्षाला 14, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सला 12 आणि काँग्रेसला अवघी एक, तीही दमणची. गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. दिल्लीला हा धक्का पचवणे जड गेले.

विशेष म्हणजे भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीत उमेदवार नव्हते. पक्ष त्यांनी उभा केला, जिंकवला आणि सर्वांनी आग्रह धरल्यावर 20 डिसेंबर रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विधानसभेत ते मागाहून मडकईच्या पोटनिवडणुकीतून आले. आज उमेदवारी मिळाली नाही म्हणून रात्रीत पक्ष बदलणारांना ही गोष्ट दंतकथा वाटावी.

मगो पक्षाचा प्राण एकाच मागणीत होता, ती म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. 1965 च्या जानेवारीत विधानसभेने तसा ठरावही केला. परंतु प्रश्न विधानसभेच्या ठरावाने न सोडवता थेट जनतेचा कौल घ्यावा, असे केंद्राने ठरवले आणि 1966 च्या डिसेंबरात संसदेने तसा कायदा केला. सत्ता बांदोडकरांच्या हाती असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, अशी हाकाटी विरोधकांनी केली. भाऊसाहेबांनी डिसेंबरच्या आरंभी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. सभागृहात बहुमत होते, मुदत शिल्लक होती, कोणी आमदार फुटला नव्हता. तरी ते पायउतार झाले. हा राजीनामा म्हणजे राजकीय घोडचूक होती असे मानणारे त्यांच्या पक्षात तेव्हाही होते. आमच्या मते, ज्या प्रश्नावर आपले सारे राजकारण उभे आहे त्याचा निवाडा खुर्चीच्या आधाराविना घ्यायला तयार होणे, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी घटना आहे.

निवाडा प्रतिकूल लागला. 16 जानेवारी 1967 रोजी विलीनीकरणाच्या फुलाला 1,38,170 मते पडली आणि संघप्रदेशाच्या दोन पानांना 1,72,191. पेडणे, डिचोली, सत्तरीने फुलाला साथ दिली. सासष्टीत दोन पानांचा ओघ आवरेना. 34,021 मतांच्या फरकाने मगो पक्षाच्या अस्तित्वाचे प्रयोजनच संपले, असे पणजीतील जाणती मंडळी म्हणू लागली.

पण सव्वादोन महिने उलटले आणि 28 मार्च रोजी विधानसभेची निवडणूक झाली. त्याच मतदारांनी त्याच पक्षाला 16 जागा दिल्या. पराभूत नेत्याला दूर करून नवा चेहरा पुढे आणावा, असे पक्षाला वाटले नाही आणि मतदारांनाही वाटले नाही. या विसंगतीचा उलगडा सोपा आहे. विलीनीकरण नको असलेल्या असंख्य हिंदू मतदारांनाही भाऊसाहेब हवे होते. 1964 च्या कूळ कायद्याने शेतकऱ्याच्या पाठीशी सरकार उभे राहिले होते, खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या होत्या, आणि साडेचारशे वर्षांत प्रथमच गावचा माणूस मुख्यमंत्र्यासमोर टोपी न काढता बोलू शकत होता. सार्वमतात लोकांनी प्रश्नाला उत्तर दिले. निवडणुकीत त्यांनी माणूस निवडला.

येथेच पुढच्या दुखण्याचे मूळही आहे. पक्ष म्हणजे भाऊसाहेब आणि भाऊसाहेब म्हणजे पक्ष, हे समीकरण 1967 नंतर इतके घट्ट झाले की मतभेदाला सनदशीर वाट उरली नाही. निर्णय त्यांनी घ्यावा आणि इतरांनी कळवून घ्यावा, अशी रीत पडली. 1970 साली पक्षातील काही आमदारांनी बंड केले. त्यांचे सारेच हेतू निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही, परंतु एकतंत्री कारभाराची त्यांची तक्रार निराधार नव्हती. भाऊसाहेबांनी युनायटेड गोवन्समधून आलेल्या आमदारांच्या बळावर सरकार तगवले. कालपर्यंत ज्यांच्याशी हाडवैर, त्यांच्यातील माणसे घेऊन स्वकीयांना नमवण्याचा हा प्रयोग त्या क्षणी यशस्वी झाला, पण गोव्याच्या राजकारणाला त्याने एक वाट दाखवून दिली. त्या वाटेवरची वर्दळ पुढे कधी थांबली नाही. भाऊसाहेबांवर प्रेम करणारानेही हे नोंदवून ठेवले पाहिजे.

त्याच वर्षी कला अकादमी स्थापन झाली आणि फुटबॉलचा सुवर्णचषक सुरू झाला. क्रिकेटच्या मैदानावर तर ते स्वतः उतरत. 1972 च्या निवडणुकीत मगो पक्षाने 18 जागा जिंकल्या. बंडखोरांना मतदारांनी थारा दिला नाही.

12 ऑगस्ट 1973 रोजी भाऊसाहेब गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कन्या श्रीमती शशिकला काकोडकर यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. शशिकलाताई तोवर राज्यमंत्री होत्या आणि कर्तबगारीत त्या उण्या नव्हत्या. मुंडकारांना संरक्षण देणारा 1975 चा कायदा आणि कुळांना मालकी देणारी 1976 ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतील. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता. ज्या पक्षाने दहा वर्षांत नेता निवडण्याची कोणतीच रीत घालून घेतली नव्हती, त्याला शोकाच्या त्या चोवीस तासांत घराबाहेर पाहणे सुचले नाही. 1977 ची निवडणूक ताईंनी 15 जागांनिशी कशीबशी निभावली. 1979 च्या एप्रिलमध्ये स्वपक्षीय आमदार फुटले आणि सरकार कोसळले. 1980 च्या जानेवारीत पक्षाच्या हाती केवळ 7 जागा उरल्या. नंतर ताई स्वतःच काँग्रेसमध्ये गेल्या, तेथेही फार काळ रमल्या नाहीत, आणि 1984 च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी वडिलांच्या नावाचा वेगळा पक्ष काढला. त्या निवडणुकीत पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मतदारापुढे भाऊसाहेबांनी वाढवलेला पक्षही होता आणि भाऊसाहेबांचे नाव लावणारा पक्षही होता. सत्ता काँग्रेसकडेच राहिली.