शेतावर घडलेले वास्तुशिल्पी : फ्रँक लॉईड राइट



अमेरिकेतील सर्वांत नावाजलेले वास्तुशिल्पी फ्रँक लॉईड राइट यांचा जन्म ८ जून १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील रिचलँड सेंटर या गावी झाला. वडील धर्मोपदेशक व संगीताचे जाणकार, तर आई ॲना शिक्षिका. तिच्या माहेरची माणसे वेल्समधून येऊन स्प्रिंग ग्रीनजवळ शेती करीत. आईने लहानग्या फ्रँकला लाकडी ठोकळ्यांचा संच आणून दिला. आकारांशी त्याची जी मैत्री जमली, ती जन्मभर टिकली.

अकराव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात फ्रँकची रवानगी जेम्समामाच्या शेतावर होऊ लागली. पहाटे उठून गाईंच्या धारा काढायच्या, डुकरांना खाणे घालायचे, गवत कापायचे. काम इतके कष्टाचे, की एक-दोनदा तो पळूनही गेला. पण याच शेतावर त्याला जमीन वाचता येऊ लागली. टेकडीचा उतार, दगडाचे थर, झाडाची वाढ हे सारे त्याने डोळ्यांत साठवले.

विद्यापीठात राइट फार काळ रमले नाहीत. पदवी न घेताच १८८७ साली ते शिकागोला गेले आणि लुई सलिव्हन यांच्या हाताखाली काम शिकले. १८९३ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. त्या काळची घरे उंच असत आणि आत लहान लहान खोल्या असत. राइट यांनी घर जमिनीलगत आडवे पसरवले, छपराची वळचण लांब काढली, चूल मधोमध घेतली आणि खोल्या एकमेकींत मोकळ्या केल्या. शिकागोमधील १९१० सालचे रोबी हाऊस हे याचे उत्तम उदाहरण होय.

माणूस म्हणून ते निर्दोष नव्हते. १९०९ मध्ये पत्नी व सहा मुलांना सोडून ते मेमा बॉर्थविक या स्त्रीबरोबर युरोपला गेले. पुढे १९११ मध्ये मामाच्या शेताजवळ त्यांनी टॅलिएसिन हे घर बांधले. ते टेकडीच्या माथ्यावर नाही, तर माथ्याच्या जरा खाली, उतारावर आहे. घर बांधावे, पण टेकडी हरवू नये, हा त्यामागचा विचार. १९१४ मध्ये राइट शिकागोत असताना एका नोकराने घर पेटवून मेमा आणि तिच्या दोन मुलांसह सात जणांना ठार मारले. राइट यांनी त्याच जागी घर पुन्हा उभे केले. १९२५ मध्ये ते पुन्हा जळाले, पुन्हा उभे राहिले.

साठी उलटल्यावर कामे मिळेनाशी झाली आणि राइट आता संपले, असे लोक समजू लागले. तेव्हा, १९३५ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील कॉफमन कुटुंबासाठी त्यांनी फॉलिंगवॉटरचा आराखडा केला. धबधबा समोर दिसेल असे घर कॉफमन यांना अपेक्षित होते. राइट यांनी घर धबधब्याच्या वरच बांधले! तेथील मूळचा खडक दिवाणखान्यातील चुलीपाशी जसाच्या तसा राहू दिला.

आम्हा इंजिनिअर पालकांना येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या घराच्या काँक्रीटच्या गच्च्या खालून खांब न देता पुढे काढलेल्या आहेत. लोखंड कमी पडेल, असे इंजिनिअरांनी बजावले. राइट यांना ते पटले नाही, तरी त्यांच्या नकळत जास्त लोखंड घातले गेले. एवढे करूनही गच्ची हळूहळू खाली झुकली आणि २००२ मध्ये पोलादी तारा ताणून तिला आधार द्यावा लागला. कल्पना कितीही सुंदर असो, हिशेब चुकवून चालत नाही, असे आम्हाला वाटते.

राइट यांनी केवळ श्रीमंतांचीच घरे बांधली असे नाही. मॅडिसन येथे एका वार्ताहरासाठी १९३७ मध्ये त्यांनी सुमारे ५,५०० डॉलरांत घर बांधले. त्यात माळा नाही. थंडीत ऊब यावी म्हणून फरशीखाली गरम नळ्या टाकल्या. अहमदाबादच्या कॅलिको मिलच्या दुकानासाठीही त्यांनी आराखडा केला होता, पण ते बांधले गेले नाही.

९ एप्रिल १९५९ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी राइट यांचे निधन झाले. २०१९ मध्ये त्यांच्या आठ वास्तू जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांत टॅलिएसिनही आहे.

मुलांनो, पुढच्या वेळी घराचे चित्र काढाल तेव्हा आधी जमीन काढा. मग बघा, घर कुठे बसते ते!